साक्षीदार क्रमांक चार

ज्या शिबिरात शरयूचा डोळा गेला, त्याच शिबिरात आणखी सहा जणांचे डोळे गेले. त्या सहांपैकी एकाचाही चेहरा तिनं पाहिलेला नव्हता.

डिसेंबर शहाण्णवची गोष्ट. आंजीच्या पुढं एका गावात, शाळेच्या मोठ्या खोलीत, एका सेवाभावी मंडळानं मोतीबिंदूचं शिबिर भरवलं होतं. शरयू तेव्हा चौतीस वर्षांची. वर्ध्याच्या एका शाळेत मराठी शिकवायची. डावा डोळा लहानपणीच बोरीचा काटा लागून गेलेला, आणि उजव्यात अवेळी मोतीबिंदू उतरला होता. फळ्यावरची स्वतःचीच अक्षरं धुक्यात गेल्यासारखी दिसायची. शिबिराचे डॉक्टर नावाजलेले आहेत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ती गेली. शाळा सुटल्यावर निघाली, उशिरा पोचली आणि यादीत शेवटची लागली. सतरा नंबर.

ऑपरेशननंतर सगळ्यांना गाद्यांवर ओळीनं निजवलं होतं. डोळ्यांवर पट्ट्या. शरयूला आठवत होते ते फक्त आवाज. कुणाची तरी बांगडी फरशीला लागायची. एक बाई झोपेत सुनेचं नाव घ्यायची. आणि शेजारच्या गादीवरचा एक म्हातारा तासातासाला विचारायचा, "पट्टी कवा सोडता जी? मले धारेच्या वेळेले घरी जा लागते. गाय दुसऱ्याले हात लावू देत नाई."

तिसऱ्या दिवशी सात जणांच्या डोळ्यांत ठणका सुरू झाला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, तोवर उशीर झाला होता. सातही डोळे काढावे लागले. बाकीचे दहा जण चष्मे लावून आपापल्या घरी गेले.

पुढं अकरा वर्षं शरयूनं आपलं आयुष्य नेटानं पुन्हा मांडलं. नोकरी राहिली. कविता तर तिला पाठच होत्या, धडे नवरा वाचून दाखवायचा. मधू कॉलेजच्या ऑफिसात होता, शांत माणूस. पण तो म्हाताऱ्याचा आवाज काही गेला नाही. भर दुपारी, नळाखाली बादली भरताना, वर्गात हजेरी घेताना, मध्येच कानाशी यायचा. पट्टी कवा सोडता जी? एकदा ती वर्गातच बोलून गेली, "थांबा बाबा, सोडतील." 

तिनं ही गोष्ट मधूला कधी सांगितली नाही. सांगितली ती फक्त प्रमिलाबाईंना.

प्रमिलाबाई त्या शिबिरातल्या नर्स. शरयू नागपूरहून परतल्यावर महिनाभरानं त्या पत्ता शोधत घरी आल्या होत्या. "तुमची पट्टी मीच बांधलती मॅडम," एवढंच म्हणाल्या आणि दारातच रडल्या. त्यानंतर दर रविवारी चारच्या सुमारास यायच्या. एकट्याच होत्या, नवरा आधीच वारलेला. शरयूला पेपर वाचून दाखवायच्या, वह्या तपासायला मदत करायच्या, जाताना कधी संत्री, कधी अंबाडीची भाजी ठेवून जायच्या. अकरा वर्षांत फार तर चार-पाच रविवार चुकले असतील. नातेवाइकांचीही एवढी ये-जा नसते, असं मधू म्हणायचा.

म्हाताऱ्याच्या आवाजाचं ऐकल्यावर प्रमिलाबाईंनी हातातल्या पेपरची घडी केली होती. मग म्हणाल्या, "मले बी येते आवाज." कुणाचा, ते सांगितलं नाही.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात शरयू नागपूरला पंधरा दिवस राहून कॉम्प्युटर शिकून आली. पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम होता तो. इंग्रजीच वाचायचा, मराठी नावांचे तर हाल करायचा. पण आठ-नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या सवडीची वाट न पाहता तिला काही वाचता येऊ लागलं होतं. मधूनं घरी जुना कॉम्प्युटर आणून दिला. कानाला हेडफोन लावून ती तासन्‌तास बसायची.

याच काळात अण्णाजी घरी यायला लागले. निवृत्त बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून. त्यांची थोरली बहीण त्या सातांपैकी एक. डोळा गेल्यावर ती फार जगली नाही. शिबिराची चौकशी झाली होती, समितीनं अहवालही दिला होता, पण तो कुठल्या कपाटात गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माहितीचा अधिकार आला तसे अण्णाजी अर्जांमागून अर्ज करू लागले. दोन हजार आठच्या जानेवारीत शेवटी एक सीडी हाती पडली. तीच घेऊन ते धावत शरयूकडे आले.

"हे घ्या मॅडम. एकोणतीस पानं हायेत. पण नावं समदी काळी करून ठेवली त्याईनं."

शरयूनं फाइल उघडली. यंत्र म्हणालं, कागद रिकामा आहे. पुन्हा उघडली, पुन्हा तेच. मधूनं पाहून सांगितलं, "अगं, रिकामा कुठं आहे? पानं दिसतात ना चांगली. इंग्रजीत टाइप केलेली."

"ते पानांचे फोटो आहेत," शरयू म्हणाली. "कागद स्कॅनरवर ठेवून काढलेले. तुम्हाला अक्षरं दिसतात, यंत्राला नुसतं चित्र दिसतं. चित्र कसं वाचणार ते?"

अण्णाजी म्हणाले, "जाऊ द्या, मधूभाऊ वाचून दाखवतीन."

का कोण जाणे, शरयूला ते नको होतं. हा कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा नाही, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं स्वतः अर्ज लिहिला. मी दृष्टिहीन आहे, आपण दिलेली फाइल मला वाचता येत नाही, अहवाल ज्या कॉम्प्युटरवर टाइप झाला त्यावरची मूळ फाइल असेल तर तिची पीडीएफ करून द्यावी, म्हणजे माझं यंत्र ती वाचू शकेल. अण्णाजी तो अर्ज घेऊन तीनदा ऑफिसात गेले. तिथल्या एका बाबूनं म्हटलं, "आंधळ्या माणसाले कागद काय अन्‌ फाइल काय, सारखंच." दुसरा बरा होता. त्यानं जुन्या फ्लॉप्यांमधून शोधून मूळ फाइल काढली, नावांवर काळे चौकोन टाकले, पीडीएफ केली आणि सीडीत घालून दिली.

तो मार्च होता. शनिवारची दुपार, शाळा सकाळची. मधू जेवून शेजारीच खुर्ची टाकून बसला. फाइल उघडली आणि यंत्र बोलू लागलं.

"वाचतंय का?" मधूनं विचारलं.

तिनं मान हलवली.

पहिली पानं सरकारी होती. समिती केव्हा नेमली, कोणकोण सदस्य, कुठं बैठका झाल्या. मधू पडद्यावर पाहत होता. "आता यादी आहे, रुग्णांची. सगळी काळी केली. नंबर, आणि पुढं नुसत्या काळ्या पट्ट्या."

शरयूच्या कानात यंत्र नावं घेत होतं.

तिला आधी वाटलं, आपल्यालाच भास होतोय. तिनं बाण मागं दाबला. यंत्रानं पुन्हा नाव घेतलं. त्याला आडवं-उभं कळत नव्हतं. आधी सगळी नावं एका दमात, मग सगळी वयं, मग सगळी गावं. वर्गाची हजेरी घ्यावी तशी. अकरा नंबरपासून सतरा नंबरपर्यंत. पंधराव्याला सुमित्राबाई. सोळाव्या नंबराला ते अडखळलं. टॅन्बा, म्हणालं. तिनं एकेक अक्षर करून ऐकलं. टी. ए. एन. बी. ए. तानबा.

तिच्या शेजारच्या गादीवरचा नंबर सोळा होता.

सतराव्याला तिचं स्वतःचं नाव आलं. मग शेवटचा रकाना. डोळा काढला. डोळा काढला. डोळा काढला. सात वेळा, त्याच सपाट आवाजात.

"काय झालं गं?" मधू म्हणाला. "बटण दाबायचं का थांबलीस?"

"काही नाही. पुढं काय आहे?"

"साक्षी आहेत. साक्षीदार क्रमांक एक, दोन. नावं काळीच आहेत."

तिला आता उमगलं होतं. त्या बऱ्या बाबूनं लिहिलेलं पुसलं नव्हतं, त्यावर नुसतं काळं ठेवलं होतं. भिंतीवर लिहिलेल्या अक्षरांपुढं कपाट सरकवावं तसं. डोळे असणाऱ्याला कपाट दिसणार. यंत्राला डोळेच नव्हते, ते सरळ भिंत वाचत गेलं. ऑफिसात कुणी ते कान लावून तपासलं नव्हतं, आणि तपासणार तरी कोण?

साक्षीदार क्रमांक चार. मधू म्हणाला, "ही कुणीतरी नर्स आहे."

यंत्र म्हणालं, प्रमिला.

मधू शेजारी बसून पट्ट्या मोजत होता आणि शरयू प्रमिलाबाईंची साक्ष ऐकत होती. टेबल मांडताना मला डोळा धुण्याच्या पाण्याच्या बाटलीत कापसाच्या तंतूसारखं काही तरंगताना दिसलं. मी शिबिरप्रमुखांना दाखवलं. ते म्हणाले, दुसरा साठा संपला आहे, सात जण उरले आहेत, गर्दी पाहा, लाव तीच. मी लावली.

पुढं दोन ओळी होत्या.

"इथं तर दोन अख्ख्या ओळी काळ्या आहेत," मधू म्हणाला. "काय लिहिलं असेल देव जाणे."

शरयूनं हेडफोन काढून ठेवला. पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

शेवटची रुग्ण एक शिक्षिका होती. ती मला विचारत होती की सोमवारी फळा दिसेल का, आणि तिला घरी परत पाठवावं असं माझ्या मनात आलं होतं, पण मी दिसेल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शरयूनं मधूकरवी निरोप पाठवला की बरं नाही, येऊ नका. तो सगळा आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. आता म्हाताऱ्याला नाव मिळालं होतं, आणि नाव मिळाल्यापासून त्याचा आवाज जवळ आला होता. पूर्वी तो कुठूनतरी यायचा, आता उजव्या खांद्याशी यायचा. त्यात यंत्राचा आवाज मिसळायचा. ती भाजी निवडत बसली की यंत्र म्हणायचं, मी लावली. वर्गात खडूचा वास आला की म्हणायचं, पण मी दिसेल म्हणाले. ते ना रडायचं, ना ओरडायचं. रडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

शिबिरात शेजारी होते एवढंच सांगून तिनं मधूला तानबांच्या गावी फोन करायला लावला. तिथल्या किराणा दुकानात फोन होता. दुकानदार म्हणाला, "तानबा? थे तं नव्व्याण्णवलेच गेले जी. इहिरीत सापडले. पाय घसरला म्हणतात."

"गाय होती त्यांच्याकडे?" शरयूनं शेजारून विचारायला सांगितलं. मधूला ते विचित्र वाटलं, पण त्यानं विचारलं. दुकानदार म्हणाला, होती, विकून टाकली होती आधीच.

अण्णाजी मधल्या दिवसांत येऊन गेले. त्यांच्या डोक्यात एकच होतं. "प्रमुख तं मेला दोन हजार तीनमधीच. मंडळ बी बंद पडलं. पण हे चार नंबरची बाई, मॅडम! तिनं आपल्या डोळ्यानं पाह्यलं अन्‌ गप राह्यली. माही बहीण तेरा नंबरची होती. तिच्यापाशी पोचले होते या बाईचे हात. मले तिचं नाव पाहिजे. एक डाव सामने उभी करून विचारतो."

नाव शरयूच्या जिभेवर होतं. ती म्हणाली, "चहा घेता ना अण्णाजी?"

पुढच्या रविवारी प्रमिलाबाई आल्या. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या. मधू बाहेर गेला होता. पाणी पिऊन झालं. प्रमिलाबाईंनी पेपर उघडला.

"पेपर नको आज," शरयू म्हणाली. "त्या टेबलावर कागद आहेत, मधूनं छापून आणलेत. चौकशीचा अहवाल आहे. तो वाचा."

कागद उचलल्याचा आवाज आला नाही.

"नावं हायेत का जी त्यात?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"नाहीत. काळी केलीत सगळी."

शरयूला त्यांचा सुटलेला श्वास ऐकू आला. अकरा वर्षं ती त्या श्वासांच्या बाजूला बसली होती. असा सुटलेला तिनं कधी ऐकला नव्हता.

प्रमिलाबाईंना इंग्रजी वाचता यायचं, अडखळत का होईना. नर्सचं शिक्षण झालेलं. त्या वाचू लागल्या आणि मराठीतून सांगू लागल्या. यादी आली, साक्षी आल्या. चौथ्या साक्षीपाशीही त्या थांबल्या नाहीत. स्वतःच्याच तोंडानं स्वतःची साक्ष वाचत गेल्या. तंतू दिसले. प्रमुखांना दाखवलं. सात जण उरले आहेत. मी लावली. 

"मंग इथं... इथं दोन ओळी काळ्या केल्या हायेत. पुढं समितीचं मत हाय."

"त्या दोन ओळी मी सांगू?" शरयू म्हणाली.

कागद टेबलावर परत ठेवल्याचा आवाज आला.

"शेवटची रुग्ण एक शिक्षिका होती," शरयू म्हणाली. "ती मला विचारत होती की सोमवारी फळा दिसेल का."

"बस करा मॅडम."

"पुढचं तुम्ही सांगा मग. तुमचंच आहे."

प्रमिलाबाई खुर्चीतून खाली सरकल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज एकदम जमिनीवरून आला. "मी सांगतलं होतं. समितीले सगळं खरं सांगतलं. कोणीच नाई बोललं तवा, मी एकटी बोलली."

"समितीला सांगितलं. मला?"

"कशी सांगू? कोण्या तोंडानं सांगू? पयल्या दिवशी सांगाले आलती मी. दारात उभी राह्यली. तुमी म्हटलं, या, बसा, तुमचा आवाज ओळखीचा आहे. तुमी माह्यासाठी चहा मांडला, भिंतीले हात लावत लावत. मंग नाई जमलं. मंग दर रविवारी म्हणो, आज सांगतो, आज सांगतो."

"अकरा वर्षं."

"हो जी."

शरयूला ओरडायचं होतं. आठवडाभर तिनं मनात कितीतरी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. ती फक्त म्हणाली, "अण्णाजींना चार नंबरचं नाव हवंय. मी सांगितलेलं नाही. तुम्ही जा आता."

प्रमिलाबाईंना जिना उतरायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

तीन दिवसांनी अण्णाजी आले. मधूनं पाणी दिलं, ते पिऊन बोलले. "थे बाई घरी आलती. म्हणे, चार नंबर मी हाय. सात पानं लिहून आणली होती, खाली सही करून. मी तिले सामने उभी करून काय काय बोलाचं ते ठरवून ठेवलं होतं बापा, किती दिसापासून ठरवून ठेवलं होतं. पण थे म्हातारी झाली हो. तिच्या हातात पाण्याचा गिलास राहत नव्हता." पिशवीतून त्यांनी कागद काढले. "मी दार लावून घेतलं. कागद मात्र ठेवले."

त्या सात पानांसकट अण्णाजींनी नवी तक्रार केली. झाकलेल्या ओळी शरयूच्या यंत्रानं वाचल्याचंही त्यांत होतं, तेव्हा ऑफिसला कळलं की नावं फुटली आहेत. पत्र आलं. चुकून दिलेली फाइल नष्ट करावी, सोबत सुधारित प्रत जोडली आहे. सुधारित प्रत म्हणजे पुन्हा पानांचे फोटो. नावं झाकण्यासाठी त्यांनी सगळाच अहवाल आंधळ्यांपासून झाकून टाकला. शरयूनं उत्तर लिहिलं की नावं खोडायची तर खरोखर खोडा, अक्षरच काढून टाका, पण बाकीचं मला वाचता आलंच पाहिजे. त्या पत्राला उत्तर आलं नाही. तक्रारीचं आजतागायत काही झालेलं नाही. प्रमुख हयात नाही, मंडळ नाही, कुणावर काय लावणार, असं सांगण्यात आलं. जुनी फाइल शरयूनं नष्ट केली नाही. उघडलीही नाही.

रविवार रिकामे जाऊ लागले. चार वाजले की तिचे कान जिन्याकडं लागायचे आणि तिला स्वतःचाच राग यायचा. ज्या बाईमुळं हे झालं तिचीच वाट पाहायची? पण घरात पेपर तसाच घडीत पडून राहायचा. आणि खांद्याशी येणारा तो आवाज एकटीनं ऐकणं आता तिला झेपेना. मधूला अखेर सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मी असतो तर तिला पायरी चढू दिली नसती. पण तू मी नाहीस."

मधूकरवी तिनं यादीतल्या बाकीच्या गावीही चौकशी केली, आणि पावसाळा सरत आला तेव्हा प्रमिलाबाईंना फोन केला.

"सात जणांपैकी चार जण जिवंत आहेत," ती म्हणाली. "मी धरून. बाकीच्या तिघांना अजून कुणी सांगितलेलं नाही की बाटलीत काय होतं. त्यांना वाटतं नशीब. मी जाणार आहे. पण बाटली मी पाहिली नव्हती."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "कवा जाचं?"

पहिलं घर सुमित्राबाईंचं, पवनारच्या अलीकडं. बसमधून उतरल्यावर चिखलाची वाट होती. प्रमिलाबाईंनी शरयूचा हात धरला.  शरयूनं हात काढून घेतला नाही. वाट निसरडी होती.

सुमित्राबाई पंच्याहत्तरीच्या असतील; त्यांचा दुसरा डोळाही एव्हाना गेलेला. ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शरयूचा आवाज ऐकताच म्हणाल्या, "तू मास्तरीण व्हय ना? आखरी गादीवाली? मी आवाज नाई इसरत." आणि शरयूला ओळख पटली. सुनेचं नाव घेणारी बाई. तीच सून आतून पाणी घेऊन आली, बांगड्या वाजल्या.

"संगं कोण हाय?" सुमित्राबाईंनी विचारलं.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "मी प्रमिला. त्या शिबिरातली नर्स." मग त्यांनी सांगितलं. काहीही सोडलं नाही. तंतू, प्रमुख, सात जण, मी लावली. शब्द जवळजवळ तेच होते. पण आता ते माणसाच्या गळ्यातून, थांबत थांबत, थुंकी गिळत येत होते.

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला होता.

"म्हंजे तुले दिसत होतं," सुमित्राबाई म्हणाल्या.

"हो माय."

"आमाले कोणालेच दिसत नव्हतं. म्हणून तं आलतो. तुलेच दिसत होतं फकत."

"हो."

"बारा वरसं मी देवाले शिव्या देल्या," सुमित्राबाई म्हणाल्या. "थ्या देवाले, ज्याचा काई कसूर नव्हता." त्यांचा आवाज चढला नाही. "तू ऊठ माह्या ओसरीवरून. हे पोरगी बसू दे. तू जाय."

प्रमिलाबाई उठल्या. पायऱ्या उतरल्या, अंगणात गेल्या. पुढं त्यांच्या चपला वाजल्या नाहीत. त्या तिथंच उभ्या होत्या, ऊन होतं तरी.

सुमित्राबाईंनी शरयूचा हात चाचपडत शोधला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला.  मग म्हातारी रडली, आवाज न करता. शरयूच्या मनगटावर थेंब पडले तेव्हा कळलं. जे आपल्याला म्हणता आलं नाही ते हिनं म्हटलं, असं शरयूला वाटलं. बरं वाटलं असं नाही. पण आत काहीतरी घट्ट आवळलेलं होतं ते जरा सैल झालं.

निघताना सुमित्राबाईंनी विचारलं, "गेली का थे?"

"अंगणात आहे."

"उभी राहू दे," त्या म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून एकच कप चहा मांडायला सांगितला.

चहा पिऊन शरयू पायऱ्या उतरली. कोपराशी हात आला. दोघी चिखलातून सडकेकडं निघाल्या. नदीकडून वारा सुटला होता. बसथांब्यावर पोचेपर्यंत प्रमिलाबाईंच्या श्वासाखेरीज काही ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याचा आवाज त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आला, नेहमीसारखाच.

"पुढचं गाव कोणतं?" शरयूनं विचारलं.

प्रमिलाबाईंनी नाव सांगितलं. तिथं जायला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात, म्हणाल्या.